‘परवडत नाही’ हे उत्तर जुनंच आहे!



या ग्रुपवर आपण जुन्या पेडण्या-डिचोलीच्या आठवणी लिहितो. आज मी आठवण सांगणार आहे, पण भांडायला. विषय आहे इंटरनेटचा.

हणखणे, इब्रामपूर, चांदेल, इकडे लाटंबार्से, मेणकुरे, साळ. यातल्या कुठल्याही आतल्या वाड्यावर जा आणि घरात फायबरचं कनेक्शन मागा. मला एका कंपनीच्या पोराने सरळ सांगितलं, “काका, वाड्यावर सहा घरं. इतकी वायर ओढणं कंपनीला परवडत नाही.” पोराचा दोष नाही, त्याला शिकवलेलं तो बोलला. पण हे वाक्य ऐकून माझं डोकं तापलं, कारण ते मी पूर्वी ऐकलेलं आहे.

मी बँकेत लागलो तेव्हा खेड्यात शाखा उघडणं बँकांना परवडत नव्हतं. ठेवी कमी, कर्ज छोटं, खर्च जास्त. हिशेब खरा होता, मी कॉमर्सवाला आहे, मला तो कळतो. पण देशाने तो हिशेब शेवटचा मानला नाही. 19 जुलै 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. 1977 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला: बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा हवी, तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडा. एकास चार! बँका कुरकुरल्या, पण शाखा उघडल्या. त्यात तोटे झाले, कर्जं बुडाली, हेही मी नाकारत नाही. पण सावकाराच्या दारातून माणूस सुटला तो त्याच शाखांमुळे.

मग इंटरनेटला हा न्याय का नको? कांदोळी-कळंगुटात धंदा करा, खुशाल करा, पण त्याबरोबर हणखण्यातही वायर न्या, एवढी अट घालायला काय हरकत आहे?

“पैसे कोण देणार?” असं विचारणाऱ्यांना सांगतो, पैसे वेगळे काढलेले आहेत. 2002 पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नाचा 5 टक्के हिस्सा खेड्यांसाठीच्या निधीत जातो. त्याचं नाव आता ‘डिजिटल भारत निधी’. त्यातूनच 2011 मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली, तिला आज भारतनेट म्हणतात. आपल्याकडे तर गोवा ब्रॉडबँड नेटवर्क हे सरकारी जाळं पंचायतींपर्यंत आधीच आहे. म्हणजे हमरस्ता झाला, घराकडची पाणंद राहिली. पंचायतीतून वाड्यापर्यंतचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर कोणाचे, यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

दुसरं उत्तर तयार असतं, “मोबाईल आहे ना!” लॉकडाऊनमध्ये सांगे-सत्तरीतली मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसली, ते विसरलात? 2023 मध्ये ट्रायच्या शिफारशीवरून सरकारने ब्रॉडबँडची किमान गती 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएस केली. दोन! एका घरात मुलीचा क्लास आणि मुलाची ऑफिसची मीटिंग एकाच वेळी चालवून बघा म्हणजे कळेल.

आणि हा चैनीचा विषय नाही. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि डिचोलीत घरोघरचे ट्रक दारात उभे राहिले. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू आहे, तोरसे-उगवे-तांबोशातल्या जमिनींचे भाव कुठल्या कुठे गेले. विमानाने जग दारात आलं, पण शेजारच्या वाड्यावरच्या पोराला पुण्या-बंगळुरूचं काम घरी बसून करता येत नाही. तो भाड्याने खोली घेऊन पर्वरीला राहतो. घरं रिकामी होतात ती अशी. मग आपणच इथे “गाव ओस पडला” म्हणून फोटो टाकतो.

आता थोडं आपल्यालाही. ग्रामसभेत टॉवर आला की आपण विरोध करतो. जागा चुकीची असेल तर जरूर करा. पण त्याच ग्रामसभेत फायबरचा ठराव किती वेळा मांडला? इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या शेतकऱ्यांनी 2011 मध्ये स्वतःची संस्था काढली, शेअर विकले, आपल्याच शेतांतून चर खणले आणि घरोघरी 1000 एमबीपीएसचं फायबर नेलं. आपल्याला सहकार नवा आहे का? दूध सोसायट्या, सेवा सोसायट्या आपण चालवल्याच ना? आपला चिरा खणायला कठीण, पण त्याच चिऱ्यातून नळाची पाइप गेलीच की.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींचं. एक, पुढच्या ग्रामसभेत सरपंचांना लेखी विचारा: पंचायतीत आलेली लाइन कुठे थांबली आहे आणि ती वाड्यावर कधी येणार? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. दोन, आमदारांकडे एकास चारची अट मागा. शहरात खांब आणि रस्ते वापरायची परवानगी हवी, तर खेड्यातले वाडे जोडा. तीन, जिथे कंपनी येत नाही तिथे सोसायटीला ती लाइन वाजवी दरात वापरायला द्या.

‘परवडत नाही’ हा कंपनीचा हिशेब झाला. गावाचा हिशेब गावाने मांडायचा असतो.

तुमच्या वाड्यावर काय परिस्थिती आहे ते खाली लिहा, वाड्याच्या नावासकट. यादी करून पंचायतीत द्यायला मी मोकळाच आहे.