मांजराचे केस आणि मुलांचा नायटा

आमच्या आष्ट्यात मांजर पाळावं लागत नाही, ते आपणहून येऊन राहतं. परड्यात कुठेतरी मांजरी व्याली की दीड-दोन महिन्यांत एखादं पिल्लू दादीच्या गोधडीत शिरलेलं दिसतं आणि पुढे ते घरचंच होतं. पावसाळ्याची ओल धरली की मात्र तक्रारी सुरू होतात. मांजर सारखं खाजवतंय, शेपटीच्या बुडाशी केस गेलेत, कानावर खपली धरलीय. त्यातच घरातल्या धाकट्याच्या दंडावर गोल चट्टा उठतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पोत्यात घालून उसाच्या रानापलीकडे सोडून या. दुसरा म्हणतो, गोठ्यात औषध आहे, ते लावा.

दुसरा पक्ष दयाळू वाटतो, पण मांजराच्या जिवाला जास्त धोका त्याच्याकडूनच आहे. म्हशीच्या गोचिडांसाठी आणलेल्या औषधात बहुधा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. म्हशीला, कुत्र्याला ते चालतं, पण मांजराचं यकृत असली औषधं मोडून बाहेर टाकण्यात फार दुबळं आहे. शिवाय मांजर अंग चाटतं, म्हणजे कातडीवर लावलेलं पोटातही जातं. काही तासांत अंग थरथरतं, लाळ गळते, झटके येतात. असं कुणाकडे झालंच तर भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात अंग धुवायचं, कोरड्या टॉवेलात गुंडाळायचं आणि लगेच डॉक्टरकडे न्यायचं. फिनाईलचं पाणी, घासलेट, कापूर घातलेलं तेल हेही मांजराला विषच. आणि अंग गरम लागतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये. अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

मग खाज कशाची आहे ते बघायला हवं. सगळ्यात जास्त वेळा ती पिसवांची असते. "आम्ही नीट बघितलं, एकही पिसू नाही," असं सांगणाऱ्या भगिनींना आम्ही एवढंच म्हणू की मांजर चाटता चाटता पिसवा गिळून टाकतं, त्यामुळे त्या दिसत नाहीत. उवांची बारीक फणी घ्यावी, ओल्या पांढऱ्या कापडावर मांजराला उभं करून पाठीवरून शेपटीकडे फिरवावी. काळे बारीक कण पडले आणि ओल लागून त्यांच्याभोवती तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा. तो तांबडा रंग मांजराच्याच रक्ताचा. (फणी मग मांजरासाठीच ठेवावी, पुन्हा मुलींच्या डोक्याला नाही.) काही मांजरांना पिसूच्या लाळेचीच ॲलर्जी असते. दोन-चार चाव्यांनीही ती पाठ आणि शेपटीचं बूड चाटून चाटून उघडं करतात. औषधाचे थेंब मांजरासाठीचेच, वजन सांगून डॉक्टरकडून घ्यावेत आणि मानेच्या मागे, जिथे जीभ पोहोचत नाही तिथे टाकावेत. घरात तीन मांजरं असतील तर तिघांनाही एकाच दिवशी. अंडी आणि अळ्या मात्र अंगावर नसतात, त्या गोधडीत, चटईखाली, फरशीच्या फटीत असतात. गोधड्या गरम पाण्यात धुतल्या नाहीत तर महिनाभरात तीच कथा पुन्हा.

कानाच्या कडा आणि तोंड जाड खपल्यांनी भरलं असेल, मांजर रात्रभर खाजवत असेल, तर ती खरूज. तिचे किडे माणसालाही काही दिवस खाज देतात. मांजर बरं झालं की तीही जाते.

नायट्याची गोष्ट वेगळी. त्यात मांजराला खाज थोडी असते किंवा नसतेच. तोंडावर, कानांवर, पंजांवर गोल टक्कल पडतं, कडेचे केस तुटके दिसतात, राखेसारखा कोंडा असतो. ही बुरशी आहे. लहान पिल्लांना ती लवकर धरते. हौसेने विकत आणलेलं लांब केसांचं पर्शियन मांजर तर अंगावर एकही चट्टा नसताना ती केसांत बाळगू शकतं. मांडीवर घेणाऱ्या मुलांच्या हातावर, गळ्यावर, डोक्यावर मग गोल चट्टे उठतात. डोक्यावरचा नायटा नुसत्या मलमाने जात नाही, त्याला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच लागतात. डॉक्टरांना घरात मांजर आहे हे न विसरता सांगावं.

पण सगळा आळ मांजरावर टाकणंही बरोबर नाही. आज आपल्या घराघरात जो चिवट नायटा आहे, तो जास्त करून माणसाकडूनच माणसाला लागतो. सगळ्यांचा मिळून एक टॉवेल आणि पावसात न वाळलेले घट्ट कपडे त्याला पुरतात. त्यावर दुकानातून आणलेलं मिश्र मलम लावलं जातं. त्यातल्या क्लोबेटासोलसारख्या स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज बसते, पण बुरशी मरत नाही, उलट पसरते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. तरी अजून 'खाजेची ट्यूब द्या' म्हटलं की ती मिळते. तीच ट्यूब मांजरालाही लावली जाते आणि मांजर ती चाटून घेतं.

जानमाजवर मांजर बसलं तर ती नापाक होते का, असं आम्हाला बऱ्याचदा विचारलं जातं. हजरत अबू कतादा (र.) यांनी वुजूचं भांडं तिरपं करून मांजराला पाणी पिऊ दिलं आणि मांजर नापाक नाही, ते आपल्या घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, असं प्रेषितांचं (स.) सांगणं ऐकवलं, ही हदीस प्रसिद्ध आहे. तेव्हा तो प्रश्न तिथेच मिटतो. मात्र पाक असणं वेगळं आणि रोग नसणं वेगळं. नायटा झालेल्या मांजराचे केस जिथे पडतात तिथे बुरशीचे कण महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून मांजर बरं होईपर्यंत जानमाज, चादरी, उशांचे अभ्रे वेगळे धुवावेत, कडक उन्हात वाळवावेत. केस कोरड्या झाडूने उडवू नयेत, ओल्या फडक्याने टिपावेत. फरशी साबणाने धुऊन मग ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसावी आणि ती वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत ठेवावं. ब्लीच ॲसिडमध्ये किंवा फिनाईलमध्ये कधी मिसळू नये.

पोत्याच्या पक्षाला, मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आठवत असेलच. घरात वाढलेलं आजारी मांजर उसात सोडलं तर ते कुत्र्यांच्या तावडीत सापडतं, नाही तर पुढच्या वस्तीवर जाऊन तिथल्या पिल्लांना नायटा देतं.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशी-शेळ्यांच्या रांगेत मांजर घेऊन उभं राहिलं की लोक हसतात. हसू द्यावं. झाकणाच्या टोपलीत जुना कपडा घालून न्यावं, म्हणजे म्हैस हंबरली तरी ते निसटत नाही. चट्ट्याच्या कडेचे केस आणि कोंडा तपासल्याशिवाय नक्की निदान होत नाही. आजार हटतच नसेल तर पेठ नाक्यावरून महामार्गाला लागून शिरवळला जाता येतं. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला आपल्या वाळवा तालुक्याच्याच क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आहे.

नायट्याचं औषध कित्येक आठवडे चालतं आणि केस परत उगवले म्हणजे बुरशी गेली असं नसतं. डॉक्टर पुन्हा तपासून थांबवा म्हणेपर्यंत द्यावं. तोवर मांजराला एक खोली, एक ताटली, एक गोधडी. मुलांना भेटू द्यावं, पण मांडीवर नको, आणि भेटून झालं की हात साबणाने धुवायला लावावेत.