हृदयाचा स्नायु
हातापायांचे स्नायु आपल्या आज्ञेंत असतात. जठर व आंतडीं यांचे आपणांस न विचारतां सावकाश चालतात. हृदयाचा स्नायु मात्र निराळा : सूक्ष्मदर्शकांत हातापायांच्या स्नायूंसारखाच पट्टेदार, परंतु आज्ञेबाहेरचा, आणि दिवसाकाठीं सुमारें १,००,००० वेळां आकुंचन पावणारा. पोटरी दुखावली तर राखीव पेशींच्या बळावर ती भरून येते. हृदयापाशीं तशी शिल्लक जवळजवळ नाहीं. पंचविशींत वर्षाला १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरींत अर्धा टक्काहि नाहींत, असें स्टॉकहोम येथील संशोधकांस २००९ सालीं आढळलें. रक्त अडून मेलेल्या जागीं व्रणच राहतो. म्हणून छातींत दाटून घाम फुटला असतां ‘वात असेल’ म्हणून ओवा चघळीत बसण्याची आपल्या घरांतील रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं; वडीलमंडळींची भीड न धरतां त्यांस त्याच घटकेस रुग्णालयांत न्यावें.