वानराचा सूड आणि वानराची जाण




वानराला सूड कळतो म्हणजे ‘मी’ही कळतो, असे मागील अंकातील पत्रलेखक म्हणतात. पुरावा म्हणून ते डिसेंबर २०२१ मधले लवूळ (ता. माजलगाव) येथील प्रकरण देतात. तिथे वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेत होती आणि वनखात्याने दोन वानरे पकडूनही नेली, हे खरे. पण ‘सूड’ हा लोकांचा तर्क होता. कृती दिसते, हेतू दिसत नाही.

स्वभानाची, म्हणजे ‘मी’ कळण्याची, कसोटी वेगळी. १९७० मध्ये संशोधक गॅलप यांनी भूल दिलेल्या चिंपांझींच्या भुवईवर लाल रंग लावला. शुद्धीवर आल्यावर आरशात पाहून त्यांनी स्वतःचीच भुवई चाचपली. माकडांनी तसे केले नाही. आमच्याकडेही वानर मोटारसायकलच्या आरशातल्या ‘दुसऱ्या’ वानरावर दात विचकते.

म्हणून माकड मठ्ठ ठरत नाही. संशोधक हॅम्प्टन यांच्या २००१ च्या प्रयोगात ऱ्हीसस माकडे चित्र आठवत नसेल तर परीक्षा टाळून कमी आवडीचा खाऊ पत्करत, म्हणजे आपल्याला आठवत नाही हे त्यांना कळत असे. २०१७ मध्ये जपानमधील संशोधकांनी माकडांच्या कपाळामागच्या मेंदूचा छोटा भाग औषधाने तात्पुरता बंद केला. स्मरण शाबूत राहिले. त्या स्मरणावर किती भरवसा ठेवावा, हा अंदाज मात्र बिघडला.

तेव्हा वानरांना आपली जाण असेलही, पण लवूळवरून ती सिद्ध होत नाही. ‘सूड’ म्हटले की लोक काठ्या घेऊन मागे लागतात. त्यापेक्षा वनखात्याला कळवावे.

– एक वाचक, अंतरवाली सराटी (ता. अंबड, जि. जालना)