तीव्रता धक्क्याची आणि वादाची

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी, हळदपाडा परिसरातील कुटुंबांनी ऐन थंडीत घराबाहेर, तंबूत रात्री काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चारहून किंचित मोठा धक्का बसला. त्या वेळी घराबाहेर धावताना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला.

एक मोठा भूकंप आणि मागून येणारे लहान धक्के, असा हा प्रकार नव्हता. लहान-मध्यम धक्के महिनोन् महिने येत राहतात, अशा मालिकेला शास्त्रज्ञ ‘स्वार्म’, म्हणजे भूकंपांचा थवा म्हणतात. अशा काळात जमिनीखाली काय चालले आहे याची चर्चा मोबाइलवर रंगणारच. पण ती ‘तुम्हाला काय कळते’ आणि ‘तुम्ही कोणाची बाजू घेता’ इथवर फार लवकर पोहोचते. त्यामागे दर वेळी द्वेष असतोच असे नाही. बऱ्याचदा दोन माणसे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात आणि ते दोघांच्याही लक्षात येत नाही.

‘तीव्रता’ हा शब्दच पाहा. बातमीत ‘३.५ तीव्रतेचा धक्का’ असे छापले जाते. हा आकडा भूकंपाचा एकूण आकार सांगतो. तो एका अंकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणून शास्त्रज्ञ ३.५ला लहान म्हणतात. एखाद्या पाड्यावर प्रत्यक्ष किती हादरले, ही मात्र निराळी गोष्ट. केंद्र थोड्याच किलोमीटर खोलीवर असेल, तर लहान भूकंपही वर जोरात जाणवतो, स्फोटासारखा आवाज होतो, कच्च्या भिंतीला तडा जातो. यालाही मराठीत तीव्रताच म्हणतात. मग शहरातला कोणी लिहितो, ‘फक्त साडेतीन, एवढे काय घाबरायचे?’ आणि ज्याची भिंत तडकली, त्याला तो आपला अपमान वाटतो. दोघांचीही माहिती खरी असते. भांडण लावतो तो ‘फक्त’ हा शब्द.

दुसरा वाद कारणाचा. अनेकांना तलासरीच्या कुर्झे धरणाचा संशय आला. हा संशय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला आहे. १९८३मध्ये भातसा धरणाच्या परिसरातही असेच धक्के बसले होते. पण कोयनेत घडले म्हणून कुर्झेतही तेच घडले, असे सिद्ध होत नाही. कुर्झे कोयनेच्या तुलनेत फार लहान आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत मुरून दाब वाढणे, जुन्या भेगेवर खडक हळूहळू सरकणे, अशी कारणेही तपासावी लागतात. तज्ज्ञ तेव्हा ‘आत्ताच नक्की सांगता येत नाही’ म्हणतो. हे प्रामाणिक उत्तर असते, पण रात्रभर जागलेल्या माणसाला ते लपवाछपवी वाटते.

यात शरीराचाही भाग आहे. वारंवार हादरे बसले की झोप उडते, छातीत धडधडते, जमीन स्थिर असतानाही हलल्याचा भास होतो. धोक्याच्या छायेत असलेला मेंदू बारकावे ऐकत नाही. समोरचा आपला की परका, एवढेच आधी पाहतो. त्यात समोरच्याचा चेहरा दिसत नसेल, तर जीभ आणखी सैल सुटते.

उद्धटपणाने नुकसान फक्त भांडणाऱ्यांचे होत नाही. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतील संशोधकांनी नॅनोतंत्रज्ञानावरचा एकच लेख वाचकांना दिला. काहींना त्याखाली सभ्य प्रतिक्रिया दाखवल्या, काहींना शिवराळ. शिवराळ प्रतिक्रिया वाचणाऱ्यांची त्या तंत्रज्ञानाच्या धोक्याबद्दलची मते अधिक टोकाची झाली. लेख तोच, माहिती तीच.

मग तज्ज्ञांनी नुसता धीर द्यावा का? इटलीतील लाक्विला शहराचा अनुभव वेगळे सांगतो. तिथेही महिनोन् महिने लहान धक्के येत होते, लोकांना निर्धास्त राहायला सांगितले गेले आणि ६ एप्रिल २००९च्या भूकंपात तीनशेहून अधिक माणसे दगावली. सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्याला २०१२मध्ये शिक्षा झाली. शास्त्रज्ञ २०१४मध्ये अपिलात सुटले, पण विश्वास एवढ्या सहज परत येत नाही. ‘घाबरू नका’ ही माहिती नव्हे.

रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना चांगला डॉक्टर तीन गोष्टी वेगळ्या करतो: काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि आज रात्री काय करायचे. भूकंपाच्या चर्चेतही हाच क्रम उपयोगी पडतो. उत्तर देण्याआधी ‘तुम्ही भूकंपाच्या आकाराबद्दल विचारता की घराच्या भिंतीबद्दल?’ एवढे विचारले, तरी निम्मा वाद शमतो. कारणावर मतभेद राहू द्यावेत. त्यांचा निकाल नोंदी आणि मोजमापे लावतील. तोवर दाराची वाट मोकळी ठेवणे, उंचावरचे जड सामान खाली उतरवणे आणि धक्का बसताच लहान मुलांना कोणी उचलायचे हे आधी ठरवून ठेवणे, यावर कोणाचेच दुमत असण्याचे कारण नाही. चर्चेची सुरुवात तिथून करावी.