टॉवर गेला, छत्री आली. गावाला कुणी विचारलं?

खेड्यापाड्यांतल्या जुन्या घरांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे अँटेने अजून वाकडेतिकडे उभे दिसतात. आता ते कावळ्यांना बसायला तेवढे उपयोगी पडतात. दूरदर्शनची जुन्या ॲनालॉग पद्धतीची प्रक्षेपण केंद्रे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील, मोक्याच्या जागांवरची ५० तेवढी राहतील, असे प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले. बातमी शहरातल्या पेपरांत कोपऱ्यात छापून आली. गावात दवंडी नाही, ग्रामसभेत विषय नाही. एके दिवशी पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या आणि लोक समजले की, अँटेना हलला असेल.

निर्णय मुळातच चुकीचा होता, असे आमचे म्हणणे नाही. तालुक्याच्या लहान टॉवरची मजल १५-२० किलोमीटरची, डोंगराआडच्या वाडीला तेवढेही नाही, आणि दिसायचे ते एक-दोन चॅनल. त्यापेक्षा छत्री बरी. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ म्हणून सुरू झालेली आणि आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाणारी ही सेवा महिन्याला एक पैसा घेत नाही. देशात चार कोटींहून अधिक घरांत ती आहे. सह्याद्री दिसते, २०१५ मध्ये निघालेले डीडी किसान दिसते. मग तक्रार कशाची?

इथेच घोडे पेंड खाते. जुन्या पद्धतीत सिग्नल कमी झाला तर चित्र खराब व्हायचे, मुंग्या यायच्या, पण आवाज तरी ऐकू यायचा. मुंग्यांतूनही वादळाचा इशारा कळायचा. डिजिटलचे तसे नाही. सिग्नल एका मर्यादेपर्यंत उतरला तरी चित्र आरशासारखे लख्ख. मर्यादा ओलांडली की, आधी चौकोन चौकोन होऊन चित्र फुटते आणि मग ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. अधलेमधले काही नाही.

त्यात छत्रीला पावसाचे वावडे. उपग्रहाकडून येणाऱ्या या लहरी फार आखूड असतात. मुसळधार पावसाचे थेंब त्या अडवतात. टॉवरच्या लांब लहरींना पावसाचा असा त्रास नसतो. म्हणजे ढगफुटीसारखा पाऊस कोसळतो, नदीला पाणी चढते, तेव्हा नेमकी छत्री मुकी होते. ज्या तासाला शेतकऱ्याला हवामानाची बातमी सर्वांत जास्त हवी, त्याच तासाला पडदा काळा. कुणी म्हणेल, मोबाईल आहे की! पण वादळात लाइट जाते, थोड्या वेळाने मोबाईलच्या टॉवरची बॅटरीही उतरते. मग घरात सेलवरचा रेडिओ असेल तोच कामाला येतो.

दुसरी गोष्ट देखभालीची. टॉवर होता तेव्हा तो चालू ठेवणे हे सरकारी इंजिनिअरचे काम होते. आता ते काम शेतकऱ्याच्या पत्र्यावर आले. फ्री डिशचा उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला. छत्रीचे तोंड वाऱ्याने जरा फिरले, आंब्याची फांदी आड आली, वायरच्या जोडात पाणी शिरले की, सगळे बंद. दुरुस्तीला तालुक्याहून माणूस आणायचा तर त्याचे येणे-जाणे शेतकऱ्याच्याच खिशातून. फुकटची सेवा अशी महाग पडते.

चॅनल गायब होतात ही तक्रार तर दर वर्षीची. खासगी चॅनल फ्री डिशवर जागा लिलावात घेतात आणि मुदत साधारण एप्रिल ते मार्च अशी असते. १ एप्रिल २०२२ ला मोठ्या कंपन्यांनी आपली हिंदी मनोरंजन चॅनल काढून घेतली, तेव्हा गावोगाव लोकांनी डबा बिघडला म्हणून मेकॅनिकला पैसे दिले. डब्यावर चॅनल नव्याने शोधून घेणे एवढेच आपल्या हातात असते. शिवाय जुना डबा नव्या एमपेग-४ पद्धतीचे चॅनल उलगडू शकत नाही. हे सांगणारा माणूस गावात नाही.

क्रिकेटचेही तसेच. २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र दूरदर्शनला द्यावे लागते. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला की, ते फक्त दूरदर्शनचे टॉवर आणि फ्री डिश यांच्यापुरते. केबलवर दूरदर्शन लावून तो सामना दिसत नाही. टॉवर गेल्यावर फुकट सामन्याला छत्री हीच एक वाट उरली.

टॉवर डिजिटल करता आले नसते का? सुरुवात झाली होती. २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत डिजिटल टॉवर प्रक्षेपण सुरू झाले, त्यात मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद होते. एकाच टॉवरवरून अनेक चॅनल, चित्र स्वच्छ. पण त्यासाठी टीव्हीत वेगळा ट्यूनर किंवा मोबाईलला डोंगल लागे. तो आपल्या बाजारपेठेत सहजी मिळत नव्हता, आणि टॉवर शहरात. खेड्यापर्यंत गाडी आलीच नाही. पुढे मोबाईलवर थेट प्रक्षेपणाच्या चाचण्या निघाल्या, त्याही मोठ्या शहरांत.

तेव्हा करायचे काय? केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये २,५३९ कोटींची ‘बाइंड’ योजना मंजूर केली. दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त, सीमेवरच्या भागांत आणि आकांक्षित जिल्ह्यांत फ्री डिशचे आठ लाखांहून अधिक डबे मोफत वाटायचे, असे तिच्यात ठरले. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव हे आपले आकांक्षित जिल्हे. आपल्या तालुक्याला किती डबे आले, कोणाच्या घरी गेले, हे सरपंच मंडळींनी लेखी विचारावे. डबा वाटला आणि छत्री बसवणारा कुणी नसला, तर तो फडताळात पडून राहणार.

गावातल्या दोन होतकरू पोरांना छत्री लावणे, दिशा धरणे आणि जोड बदलणे शिकवावे. ग्रामपंचायतीने ठरवले तर हे अवघड नाही. पंचायतीच्या कार्यालयात सेलवरचा रेडिओ पावसाळ्याआधी तपासून ठेवावा. आणि ग्रामसभेने ठराव करून खासदारांकडे द्यावा की, पूर आणि वादळाच्या पट्ट्यात जिल्ह्याला निदान एक डिजिटल टॉवर हवा, आणि त्याचा ट्यूनर बाजारात मिळायला हवा.

रस्ता बंद करायचा असला तर आधी पाटी लावतात, वळणरस्ता दाखवतात. प्रक्षेपण हाही गावाचा रस्ताच आहे. तो वळवताना पाटी लागली नाही. निदान वळणरस्त्यावरचे खड्डे तरी बुजवा, एवढेच मागणे आहे.