निराधाराचा पगार आणि लेकराची पोटगी

परभणी जिल्ह्यात गंगाखेड, पालम, सोनपेठकडे संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाला कुणी अनुदान म्हणत नाही. ‘निराधाराचा पगार’ म्हणतात. अपघातात पाय गेलेल्या माणसाला हा पगार मिळतो. याच योजनेच्या पात्रतेत आणखी एक नाव बसते: घटस्फोट झालेली, पण पोटगी हाती न पडलेली बाई. म्हणजे एकाच मोडलेल्या संसारातले दोघेही तहसीलच्या एकाच टेबलासमोर उभे राहू शकतात. तिच्या कॅरीबॅगमध्ये कोर्टाचा हुकूम, घड्या घालून घालून चिरलेला. त्याच्या खिशात दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. दोन्ही कागदांवर सरकारचाच शिक्का. पण या कागदांची गाठ कुणी घालून देत नाही आणि लेकराची थकबाकी महिन्यामागून महिने चढत जाते.

ही फारकत जुनी आहे. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 488 ने बायको आणि मुलांना महिना 50 रुपयांपर्यंत पोटगी देऊ केली. 1923 मध्ये ही मर्यादा 100 झाली. त्याच 1923 साली कामगार नुकसानभरपाई कायदा आला. कामावर हात-पाय गमावलेल्या मजुराला मालकाने भरपाई द्यायची आणि कलम 9 प्रमाणे ती रक्कम कुणालाही जप्त करता येणार नाही, असे ठरले. जखमी मजुराच्या तोंडचा घास सावकाराने ओढू नये म्हणून हे कलम हवेच होते. पण सावकारासाठी बंद केलेल्या दाराबाहेर त्या मजुराचे स्वतःचे मूलही उभे असेल, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. एकाच वर्षातले दोन कनवाळू कायदे, आणि दोघांची ओळखच नाही.

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद मुक्त झाल्यावर, 1951 मध्ये, ही संहिता इथे लागू झाली. पुढे 1955 मध्ये मर्यादा 500 रुपये, 1999 मध्ये महाराष्ट्रात 1500 आणि 2001 मध्ये मर्यादाच रद्द. 488 चे 125 झाले, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 144 झाले. आकडे बदलले, पण कलमाच्या मनातला बाप बदलला नाही. तो धडधाकट आहे. धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना बायको-मुलांना पोसलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येही बजावले. ते रास्तच. पण ज्याचे अंगच साथ देत नाही, त्याच्या मुलाने कोणाकडे पाहायचे?

थकबाकीसाठी कायद्याचा ठरलेला धाक कैदेचा आहे: प्रत्येक थकीत महिन्यामागे एक महिन्यापर्यंत. तुरुंगात गेल्याने थकबाकी फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये स्पष्ट केले. पैसा दडवणाऱ्यावर हा धाक चालतो. कुबड्यांवर चालणाऱ्या, महिना 2500 रुपयांच्या अनुदानावर जगणाऱ्या माणसाला आत टाकून लेकराच्या ताटात काय पडणार?

मात्र इथे भावनेच्या भरात वाहून जाऊ नये. दिव्यांग म्हणजे कफल्लक, असे नव्हे. कुणाच्या नावावर सातबारा असतो, कुणाला नोकरीचा पगार किंवा पेन्शन असते. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा दोन तृतीयांशपर्यंत भाग जप्त होऊ शकतो. पेन्शनला जप्तीपासून असलेले संरक्षण बायकोच्या पोटगीआड येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये सांगितले. आणि दंडवसुलीची जी रीत पोटगीला लागू आहे, तिच्यात जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करण्याची सोय आहे. शेतसाऱ्यासाठी पिढ्यान् पिढ्या राबलेली यंत्रणा लेकराच्या दुधासाठीही राबली पाहिजे.

ज्याच्याकडे खरेच काही नाही, त्याचा प्रश्न वेगळा. स्वीडनने 1937 मध्येच कायदा करून मुलाची पोटगी आधी सरकारने द्यायची आणि मग बापाकडून वसूल करायची, अशी व्यवस्था केली. अमेरिकेत अपंगत्वामुळे काम सुटलेल्या विमाधारकाच्या मुलाला बापाच्या लाभाखेरीज वेगळी रक्कम मिळू शकते, त्या लाभाच्या निम्म्यापर्यंत. बापाचा घास तसाच राहतो आणि मुलाचे ताट वेगळे वाढले जाते. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळची सोय म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, मुलामागे महिना 2250 रुपये. पण पोटगीचा हुकूम एका इमारतीत होतो आणि बालसंगोपनाचा अर्ज दुसरीकडे, तोही आईनेच धावपळ करून. दिव्यांग बापाविरुद्धच्या हुकुमाची प्रत कोर्टाकडूनच थेट जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात गेली पाहिजे. निराधाराच्या पगारालाही मुलाचा वेगळा हिस्सा जोडला जावा, बापाच्या रकमेतून कापून नव्हे, वर भर घालून. तो आईच्या खात्यावर पडावा आणि तेवढी पोटगी फिटली असे धरावे.

परभणीत या सगळ्यावर हंगामाचे सावट असते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्याने टाकलेली बाई एकटीच निघाली की ती अर्धा कोयता. उचलही निम्मी. दसरा-दिवाळीनंतर ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. इकडे कोर्टात तारखा पडत राहतात. पोटगीची रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज दिला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. या वर्षातले निम्मे तिचे उसाच्या पाचटात जाते. चारपाच महिन्यांची पोटगी अशी हातातून निसटते, तीही तिचा काडीचा दोष नसताना.

विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हा वकील तिला हंगामाच्या आधी गाठ पडला पाहिजे. भाद्रपदात, मुकादम उचल वाटत गावोगाव फिरत असतो, तेव्हाच त्या वकिलाने तांड्यावर-वस्तीवर बसून प्रत्येकीचे थकीत महिने मोजावेत, आणि मजुरांच्या ट्रकमध्ये भांडीकुंडी चढण्याआधी तिचा अर्ज कोर्टात पडलेला असावा.