गाडीतला गारवा : गॅस संपतो की गळतो?

नेवासा तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. घरात एक जुनी, लहान कार आहे. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नगरला न्यावे लागते. एप्रिल लागला की गाडीचा एसी गार हवा देईनासा होतो. गॅरेजवाला सांगतो, ‘गॅस संपला.’ तो गॅस भरून देतो आणि पैसे घेतो. सलग तीन उन्हाळे हेच चालले आहे. त्यातच घरातले एक बुजुर्ग म्हणतात, की एसी म्हणजे निव्वळ इस्राफ, काच उघडली तरी वारा येतोच. भगिनींनी विचारले आहे, की हा खर्च खरा आहे का आणि आम्ही उधळपट्टी करतो आहोत का?

उत्तराआधी एसी काय करतो ते पाहू. उन्हाळ्यात वुजू करून ओल्या हातांनी पंख्याखाली बसलो की हात गार पडतात. पाण्याची वाफ होताना ते त्वचेतली उष्णता सोबत घेऊन जाते. माठातले पाणी याच कारणाने गार राहते. आपल्या नगरचा फराहबागही याला साक्ष आहे. मुर्तजा निजामशाहाच्या काळात सलाबतखानाने १५८३ मध्ये पूर्ण केलेला हा अष्टकोनी महाल चारही बाजूंनी तळ्याने वेढलेला होता. जाड भिंती, उंच घुमट आणि पाण्यावरून येणारी झुळूक. नगरच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो. मात्र पाण्याची वाफ हवेत निघून जाते, म्हणून तळ्यात पुन्हापुन्हा पाणी आणावे लागते.

गाडीचा एसीही वाफेचाच खेळ आहे, पण त्यात पाण्याऐवजी दुसरा पदार्थ असतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो आर-१३४ए नावाचा असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. दाब वाढवला की उकळण्याचे तापमानही वाढते. हे आपण रोज कुकरमध्ये पाहतो. दाबामुळे तिथे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाते, म्हणून डाळ लवकर शिजते.

डॅशबोर्डच्या मागे कूलिंग कॉइल असते. तिच्यात हा पदार्थ कमी दाबाने येतो आणि शून्याच्या थोड्या वरच्या तापमानाला उकळू लागतो. त्यासाठी लागणारी उष्णता तो कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. ती गार झालेली हवा पंखा आपल्याकडे सोडतो. हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन साचते आणि गाडीखाली ठिबकते. ते पाहून घाबरू नये.

आता ही उष्णता बाहेर टाकायची आहे. उष्णता मात्र अधिक गरम जागेकडून कमी गरम जागेकडेच जाते. बाहेर ४० अंश असतील, तर गॅस त्याहून गरम हवा. म्हणून इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि तो चांगलाच तापतो. मग तो रेडिएटरच्या पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो. तिथे पन्नास-साठ अंशांनाच त्याचे पुन्हा द्रव होते आणि उष्णता बाहेरच्या हवेत जाते. पुढे एका बारीक व्हॉल्व्हमधून जाताना दाब एकदम उतरतो आणि तो परत कॉइलकडे निघतो. थोडक्यात, एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर नेतो.

फराहबागच्या तळ्यात आणि एसीत फरक इथेच आहे. तळ्यातले पाणी उडून जाते, एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही, म्हणून संपतही नाही. रबरी नळ्या आणि सील यांतून काही वर्षांत थोडा झिरपतो, एवढेच. दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. फुटक्या माठात पाणी ओतत राहण्यासारखे ते होते. शिवाय हा गॅस हवेत गेला, की कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

म्हणून भगिनींनी यंदा गॅस भरण्याआधी गळती शोधायला सांगावे. सांध्यांवर तेलकट डाग आहेत का ते पाहायला लावावे. नायट्रोजन भरून दाब टिकतो का हे तपासता येते, तसेच रंगद्रव्य सोडून गळतीची जागा सापडते. दुरुस्तीनंतर नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने पूर्ण काढावी आणि मगच गॅस भरावा, तोही वजनावर. किती ग्रॅम लागतो ते बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखाली स्टिकरवर लिहिलेले असते. जास्त भरला तरी गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. मापाच्या इमानदारीवर आपल्या दीनात केवढा भर आहे हे सांगायला नको. माप मागण्यात ग्राहकाने संकोच करू नये.

कधी दोष गॅसचा नसतोच. आतला फिल्टर धुळीने बुजतो, कंडेन्सरच्या जाळीत माती आणि किडे अडकतात, पुढचा पंखा बंद पडतो. हे आधी पाहावे, खर्च थोडक्यात आटोपेल.

उन्हात उभी गाडी सुरू करताना दोन-तीन मिनिटे काचा उघड्या ठेवून तापलेली हवा जाऊ द्यावी. मग काचा लावून आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे, म्हणजे कॉम्प्रेसरचे काम हलके होते. इमामपूर घाट चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर जाऊ लागला, तर थोडा वेळ एसी बंद करावा. कंडेन्सरची उष्णता रेडिएटरवरच जाते.

दोन गोष्टी मात्र जिवाच्या आहेत. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. आणि ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मूल किंवा आजारी माणूस बंद गाडीत ठेवू नये. उन्हात अर्ध्या तासात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी वाढू शकते. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

राहिला इस्राफचा प्रश्न. रिकाम्या उभ्या गाडीत एसी चालवणे ही उधळपट्टीच. पण डायलिसिसनंतर थकलेल्या माउलीला मे महिन्याच्या दुपारी नेवाशापर्यंत सुखाने आणणे, ही आमच्या मते खिदमत आहे. बुजुर्गांना अदबीने एवढे सांगावे, की इस्राफ दरवर्षी गळून जाणाऱ्या गॅसमध्ये होता. तो बंद करू या, गारवा राहू द्या. अल्लाह सासूबाईंना शिफा देवो. आमीन.